गॅसच्या टाकीचा कळस

१९७९ सालच्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम अठरा हजार रुपये, त्यातली निम्मी सरकारी अनुदानाची आणि तीही अजून कागदावरच. ठिकाण शिवाजी पेठेतली आपली तालीम. हजर: तालमीचे वस्ताद, शिरपा गवळी, भाकरीवाली आक्का, तू आणि मी.

दिनू, हे वाचून तू म्हणाला असतास, "झालं ह्याचं सुरू." कुठलीही गोष्ट मी तारीख, रक्कम आणि हजर माणसं यांवरूनच सुरू करतो म्हणून शाळेपासून तू मला चिडवलंस. तू गेल्यापासून रोज संध्याकाळी तुझ्याविषयी चार ओळी लिहायला बसतो आणि दुसरी सुरुवात सुचत नाही. आज ठरवलं, हीच असू दे.

त्या रविवारी विषय एकच होता. तालमीच्या मागच्या कोपऱ्यावर उकिरडा होता. शिरपाच्या म्हशी तिथंच बांधलेल्या, त्यांचं शेण तिथं, गल्लीतलं खरकटं आणि भाजीची सालं तिथं, आणि पावसाळ्यात ते सगळं वाहत तालमीच्या उंबऱ्यापर्यंत. तुझं म्हणणं, ह्याच जागी गॅसची टाकी बांधू. शेण आणि ओला कचरा आत, गॅस बाहेर, नळानं चार घरांच्या चुलीपर्यंत. खेड्यातल्या शेणाच्या गॅसचं आम्ही ऐकलं होतं. भर पेठेत, दाराला दार लागलेल्या घरांत, असलं कुणी केलेलं ऐकलं नव्हतं. तू पुण्याला शिकून आलेला आर्किटेक्ट, पण गावात तुझ्याकडं लोक यायचे ते जुन्या घरावर स्लॅब टाकायला, नाहीतर जिन्याखाली न्हाणीघर बसवून घ्यायला. "नकाशाचे पैसे घेणार नाही," तू म्हणालास, "पण मला हे एक काम मनासारखं करू द्या."

वस्तादांनी मांडी बदलली आणि अट घातली.

"जागा तालमीची हाय. पुढच्या दसऱ्यापातूर आक्काच्या घरात ह्या गॅसवर भाकरी झाली पायजे. रोजच्या रोज, सगळी. न्हाय झाली तर खड्डा मुजवायचा आणि तितं आमी पोरांस्नी जोर मारायला फरशी घालणार. मग परत कुणी तोंड उघडायचं न्हाय."

"माज्या भाकरीवर कशाला पैज लावतासा?" आक्का म्हणाली. "मी काय तुमचा पैलवान हाय व्हय?"

"पैज न्हाय आक्का, अट हाय."

"एकच की ते."

आक्का दिवसाला शंभरावर भाकऱ्या थापून खानावळींना द्यायची. धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल. डॉक्टरांनी चूल सोडायला सांगितलं होतं, आणि चूल सोडली तर खायचं काय, असं तिनं डॉक्टरांनाच विचारलं होतं. तेव्हा अट वस्तादांनी घातली असली तरी त्या खड्ड्यात खरं कुणाचं काय अडकलंय हे आपल्या दोघांना ठाऊक होतं. तिचे डोळे, आणि तुझं मनासारखं एक काम.

मग आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत संपलं नाही. मी तालमीचा खजिनदार. माझं म्हणणं सरळ होतं: विटांचा गोल खड्डा, त्यावर लोखंडी टोपण, भोवती पत्र्याचं कुंपण, विषय संपला. गॅस डोळ्यांना दिसत नाही, मग त्याची टाकी दिसायला कशी आहे ह्यावर पैसे कशाला? तू माझ्याकडं असा बघायचास, जसं काही मी तुझ्या मुलीला नाक नाही म्हणालो.

एका सकाळी तू मला स्कूटरवर बसवून गडमुडशिंगीच्या रस्त्याला नेलंस. गुऱ्हाळ चालू होतं. रसाचा पेला हातात देऊन तू मला बोलायला बंदी केलीस. "नुसतं बघ." मी बघितलं. चारी बाजूंनी उघडं छप्पर, मध्ये काहील, उकळत्या रसावरची मळी काढून बाजूला टाकत होते, पलीकडं वाळत घातलेली चिपाडं, आणि चुलवणात कोंबायला तीच चिपाडं.

"ऊस पिळला, त्याचाच कचरा जाळून त्याचाच रस आटवला," तू म्हणालास. "इथं धूर आहे, माशा आहेत, चिखल आहे. पण ह्याला कोण घाण म्हणतंय? पाव्हणं आलं की माणसं मुद्दाम गुऱ्हाळावर घेऊन येतात. का? सगळं उघडं आहे म्हणून. तुझ्या पत्र्याच्या कुंपणामागं हेच ठेवलं असतं, तर लोकांनी नाकाला रुमाल लावला असता."

"गुऱ्हाळात शेवटी गूळ मिळतो," मी म्हणालो. "तिथं शेणच जाणार आणि शेणच बाहेर येणार."

"आणि मधे आक्काची भाकरी. ती विसरलास लगा."

तो माझा रसाचा पेला तसाच राहिला होता. तो तूच प्यालास.

तुझ्या मनासारखंच झालं. काळ्या दगडाचा गोल चौथरा, त्याला तीन पायऱ्या. मधल्या खड्ड्यात लोखंडी टोपण, गॅस भरला की ते वर यायचं आणि गॅस संपला की खाली बसायचं. त्या टोपणाला वर यायला जागा हवी म्हणून भोवती उंच विटांचे खांब, खांबांवर गुऱ्हाळासारखं छप्पर, पण गोल, वर निमुळतं होत गेलेलं. पुढं शहाबादी फरशीचं कुंड, शेण आणि कचरा कालवायला. छपराच्या टोकावर तू तांब्याचा गोळा बसवलास. मी किंमत विचारली. तू म्हणालास, पत्रे तिथं एकत्र येतात, तिथून पाणी झिरपणार, त्याला टोपी पाहिजे. मी म्हणालो, डांबर लाव. तू म्हणालास, डांबर उन्हात वितळतं. मी म्हणालो, दरवर्षी लाव. तांब्याचा गोळा बसला.

पांढरा रंग देऊन झाला त्या सकाळी मी लवकर तिकडून गेलो. ऊन त्या गोळ्यावर पडलं होतं. पहिल्या पायरीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि शेजारी एक जास्वंद.

आठवड्याभरात काय झालं ते तुला माझ्याहून जास्त आठवत असणार. माणसं जाता-येता छातीला हात लावायला लागली. पायऱ्यांच्या खाली चपला काढून ठेवलेल्या दिसायला लागल्या. कुंडात, जिथं शेण कालवायचं तिथं, पाच आणि दहा पैशांची नाणी पडायला लागली. ही नाणी कोणत्या खात्यात जमा धरायची, असं मी तुला विचारलं. "इंधन," तू म्हणालास. मला हसू आलं नाही. शेवटी मी त्यातून दोन बादल्या आणल्या आणि वस्तादांना सांगून टाकलं.

शिरपा शेण टाकत होता. शेणाचं त्याला काही वावगं वाटत नव्हतं, शेणानं तर देवघर सारवतात. पण निम्म्या शेणाच्या तो शेणी थापून जळणाला विकायचा, त्यावर त्याचं घर चालायचं, ते आपण मागू शकत नव्हतो. आपलं गणित गल्लीतल्या खरकट्यावर बसलेलं होतं, आणि खरकटं येईना. कुणीच आणीना. माझ्या घरातूनही येईना. मी सुमतीला बादली भरून दिली, तर तिनं ती दारामागं ठेवून दिली. "तिथं उष्टं कसं टाकू हो?" ती म्हणाली. "लोक हात जोडतात तिथं."

त्यात आणखी एक झालं. पूर्वीचा उकिरडा आता पवित्र झाला, तेव्हा गल्लीनं कचऱ्यासाठी नवा कोपरा शोधला. तो नेमका वस्तादांच्या दारासमोरचा निघाला.

"दिनकरराव," वस्ताद तुला एरवी दिन्या म्हणायचे, "पयला कचरा तालमीच्या मागं हुता. आता माज्या दारात आलाय. ही तुमची सुधारणा बगून आमचं डोळं भरून आलं."

टोपण खालीच बसलेलं. आक्काच्या घरी शेगडी पेटायची, वीस-पंचवीस भाकऱ्या व्हायच्या आणि ज्योत मिचमिचून विझायची. मग ती उरलेलं पीठ घेऊन चुलीकडं. दसरा जवळ येत होता. फरशीचा दर काढायला वस्तादांनी माणूस पाठवल्याचं मला दुकानात कळलं.

त्या संध्याकाळी तालमीसमोर आपण दोघं सगळ्यांदेखत भांडलो. मी म्हणालो, तो कळस उतरव, पायऱ्या फोड, पत्रा मार. घाण वस्तूला घाणीसारखं दिसू दे, म्हणजे लोक घाण आणून टाकतील. तू म्हणालास, "मग परत उकिरडाच होईल. बंद दाराचा." मी म्हणालो, "होऊ दे, पण गॅस येईल." तू म्हणालास, "महिनाभर येईल. मग त्या पत्र्यामागं कोण काय टाकतंय ते कुणी बघणार नाही, पिशव्या पडतील, चिंध्या पडतील, नळ तुंबेल, आणि तुंबलेलं काढायला पत्र्याच्या आत कोण शिरणार आहे? तू?"

पत्र्याच्या आत मी शिरणार नव्हतो. पण दसराही थांबणार नव्हता.

पुढचे काही दिवस तू कामाला गेला नाहीस. समोरच्या कट्ट्यावर बसून नुसता बघायचास. मला वाटलं, खचला. मग एक दिवस तू आक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलास आणि मलाही बोलावून घेतलंस. ती भाकरी थापत होती. तू विचारलंस, "आक्का, त्या कुंडाकडं बघून तुला काय करावंसं वाटतं?"

"हात धुवून पाया पडावं वाटतंय. तसलंच बांदलंयस की."

"आणि उष्टं ताट हातात असलं, की पाय कुठं वळतात?"

"मोरीकडं. आनि कुटं वळणार? काय इचारतोस रे बाबा."

तू उठून तिच्या मोरीपाशी गेलास. टेप काढलीस. कठड्याची उंची घेतलीस, उतार बघितलास, भांडं टेकवायची जागा बोटांनी चाचपलीस. मग शेजारच्या घरात जाऊन तिथली मोरी बघितलीस. मग माझ्या घरातली. सुमतीनं चहा विचारला तर तू म्हणालास, "वहिनी, बादली कुठल्या हातानं ओतता?"

पुढचं कुंड तू बंद केलंस. त्याच नळाला मागच्या अंगानं, गल्लीच्या तोंडाशी, नवं तोंड जोडलंस. ते तोंड म्हणजे मोरी होती. घरातली असते तशीच, फक्त वाकावं लागू नये म्हणून उंच: कमरेइतका कठडा, बादली टेकवायला रुंद काठ, आत उतार, जाळी, आणि बादली विसळायला पाण्याचा नळ. कुणालाही सांगावं लागू नये की इथं काय करायचं. दर्शनी बाजूच्या पायऱ्यांचं काय, असं मी विचारलं. त्या तू फोडल्या नाहीस. बांधकामासाठी शिरपानं म्हशी हलवल्या होत्या, त्याला गाठलंस आणि सांगितलंस, सकाळ-संध्याकाळ म्हशी इथं आणून धार काढ. आपल्याकडं धारोष्ण दूध प्यायला माणसं उभी राहतातच. ती पायऱ्यांवर बसायला लागली, मिशीला फेस लावून, काल कोण कुस्ती हरलं आणि कोणत्या संघानं गोल खाल्ला ते बोलत. म्हशी शेपट्या हलवत होत्या. चपला काढून तिथं पाय कोण ठेवणार? दोन दिवसांत सगळे चपलांसकट बसले.

कळस तेवढा राहिला.

मोरीत पहिलं उष्टं कुणी टाकलं हे मला माहीत नाही. मी बघायला गेलो तेव्हा आत कांद्याची साल आणि आमटीतला शेवगा आधीच पडलेला होता. मला त्या शेवग्याच्या शेंगेचा झालेला आनंद मी तुला कधी बोलून दाखवला नाही. टोपण हळूहळू वर यायला लागलं. लोक येता-जाता ते किती वर आलंय ते बघायला लागले, पंचगंगेचं पाणी किती चढलं ते बघतात तसं. तुझा तो सगळा उघडेपणा तेव्हा कामाला आला, हे मला मान्य करायला हवं. पत्र्याआड टोपण वर आलं असतं तर ते मला एकट्यालाच कळलं असतं, आणि मीही ते वहीतच लिहिलं असतं.

दसऱ्याच्या आधी वस्ताद आक्काच्या दारात येऊन बसले. सगळं पीठ संपेपर्यंत हलले नाहीत. निळी ज्योत शेवटच्या भाकरीपर्यंत टिकली. वस्तादांनी भाकरी मोडून तोंडात टाकली, चावली.

"चुलीची चव न्हाय," ते म्हणाले.

"न्हायच," आक्का म्हणाली. "पण माज्या डोळ्यात बगा."

वस्तादांनी खरंच वाकून बघितलं. फरशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरची वर्षं तशी साधीच गेली. दुसऱ्या गावांतली माणसं, कॉलेजची मुलं बघायला यायची. गॅस किती, शेण किती, हे आकडे सांगायला तू मला पुढं करायचास. आणि मी आकडे सांगत असताना त्यातल्या एखाद्याच्या हातात रिकामी बादली देऊन म्हणायचास, "जा, टाकून या." तो न विचारता मोरीपाशी गेला, की तू खूश. माझं सांगणं अर्ध्यावरच राहायचं. नकाशातल्या कोपऱ्यात तुझं नाव इतकं बारीक असायचं की चष्म्याशिवाय दिसत नसे. सरकारी कार्यालयातून आलेल्या एका साहेबांनी इमारत कुणी केली असं विचारलं, तेव्हा तू शिरपाच्या म्हशींकडं हात केलास.

तांब्याच्या गोळ्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. डांबरानं भागलं असतं. पाच पावसाळे झाले, तिथून एक थेंब आत आलेला नाही हेही खरं. पण डांबर लावून बघितलंच नाही, तर ते गळलं असतं हे कशावरून? तू असतास तर ह्यावर एक संध्याकाळ गेली असती. आता ह्या वाक्यापुढं कुणी काही बोलत नाही. मला सगळ्यात जास्त जड जातंय ते हे.

तू गेल्यावर तालमीत सभा झाली. वस्ताद उभे राहिले. ते म्हणाले, दिन्याचं नाव राहिलं पायजे. मधल्या पायरीवर संगमरवरी फलक, वर फोटो, फोटोला रोजचा हार. वर्गणी तिथंच जमली. कुणी नाही म्हणालं नाही, शिरपानं तर खिसा उलटा केला. नऊशे चाळीस रुपये झाले. मोजताना माझा हात थांबला. मला वाटलं, ह्या लोकांनी तुला इतकं मानलं आणि मी आता उठून काय बोलणार?

तुझी बायको, शालिनीवहिनी, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना नजरेनंच विचारलं, आणि त्यांनी मान हलवली. नको म्हणून.

मी उठायच्या आत आक्काच बोलली.

"फोटो लावा. हार घाला. पण मी तितं उष्टं न्यायची न्हाय, आत्ताच सांगते."

"मोरी मागं हाय आक्का," वस्ताद म्हणाले. "फोटो पुढं."

"मागं असू दे न्हायतर पुढं. त्येच्या फोटोला हार आणि त्येच्याच पाठीत मी खरकटं ओतू? माज्याच्यानं व्हायचं न्हाय. तुमच्या घरच्यांच्यानं बी व्हायचं न्हाय. परत पायऱ्यांखाली चपला निगतील, बगा. पोरानं येवढं राबून मानसांस्नी तितं चपला घालून बसवलं हुतं."

वस्ताद खाली बसले. तिथूनच म्हणाले, "मग ह्या पैशाचं काय करायचं?"

तेव्हा मी उठलो. पलीकडच्या गल्लीच्या बायका गेल्या वर्षापासून विचारतायत, हे मी सांगितलं. त्यांची घरं टाकीच्या दुसऱ्या अंगाला आहेत. बादली घेऊन पूर्ण वळसा घालून यावं लागतं म्हणून त्या येत नाहीत, आणि त्यांच्या कोपऱ्यावर अजून उकिरडा आहे. तिकडून एक तोंड काढलं तर त्यांचं खरकटं आत येईल आणि आणखी दोन घरांना गॅस देता येईल. आकडे मी सांगितले. ते खरे आहेत का, असं कुणी विचारलं नाही. वस्तादांनी फक्त एवढंच विचारलं, "दिन्याच्या मापाची व्हणार न्हवं?"

"त्याच मापाची," मी म्हणालो.

वहिनींनी तुझा मूळ नकाशा काढून दिला. गवंडी तोच, पहिल्या मोरीचा. त्यानं नकाशा बघितला, गुंडाळून परत दिला, आणि पहिल्या मोरीवरून सुतळीनं मापं घेऊन आला. कठड्याची उंची त्यानं दोनदा तपासली. ऊन उतरल्यावर मी तिथं उभा होतो. कठडा एक बोटभर खाली असता तरी चाललं असतं, असं तोंडावर आलं होतं. तू ऐकायला नसताना ते बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून बोललो नाही. मग मीच बादली घेऊन काठावर टेकवून बघितली. न वाकता टेकली.

परवा सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. बोळ भरून गेला. एक जण दुसरीला म्हणत होती, "सर की जरा, काय आत उतरून बगतीस व्हय?" नाव कुठंच लिहिलेलं नाही. ती मोरी कुणी आखली हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसेल. शिरपा म्हणतो टोपण आता जास्त वर येतंय. मी अजून मोजलेलं नाही, पण मलाही तसं वाटतंय.

नऊशे चाळीस रुपये शेवटी असे दिले. दगड, विटा, सिमेंट आणि नळ, दुकानदाराला पाचशे ऐंशी. मजुरी, गवंड्याला आणि त्याच्या जोडीदाराला मिळून दोनशे पंच्याहत्तर. उरलेले पंच्याऐंशी आक्काला, काम चाललं तेवढे दिवस त्या दोघांना वाढलेल्या भाकरी-आमटीचे.